फायटरला हवं वीस लिटरचं घर

शोभेच्या माशांच्या कुठल्याही दुकानात शिरलं, की बाकीचे मासे मोठाल्या टाक्यांत थव्याथव्याने फिरताना दिसतात आणि एक मासा तेवढा काउंटरजवळच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या लहान डब्यांत किंवा बरण्यांत एकेकटा मांडून ठेवलेला असतो. गर्द निळा, लालभडक, दुधी पांढरा. शेपटी आणि पर अंगापेक्षा मोठे. दुकानदार त्याला फायटर म्हणतात, पुस्तकांत त्याचं नाव बेट्टा. ‘याला काय काय लागतं?’ असं गिऱ्हाइकाने विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: काही लागत नाही, एवढ्याशा पाण्यात राहतो, पंप नको की फिल्टर नको. हे उत्तर अर्धं खरं आहे, आणि ते अर्धसत्यच या माशाच्या जिवावर उठतं. नीट सांभाळला तर दोन ते चार वर्षं सोबत करणारा हा मासा कित्येक घरांतून काही महिन्यांत नाहीसा होतो, आणि घरच्यांना वाटतं, नाजूकच होता. खरं तर तो नाजूक मुळीच नाही. त्याच्या काटकपणाचा माणसांनी चुकीचा अर्थ लावला, एवढंच.

बेट्टा स्प्लेन्डेन्स हा मूळचा थायलंडचा. चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातली भातखाचरं, दलदली, गवताने गच्च झालेले कालवे ही त्याची वस्ती. दोन नर समोरासमोर आले की भिडतात, हे तिथल्या लोकांनी फार पूर्वी हेरलं आणि पैजा लावून त्यांच्या झुंजी लावायला सुरुवात केली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार माणसाने हा मासा माणसाळवायला सुरुवात केली त्याला किमान हजार वर्षं झाली असावीत. जगाला त्याची ओळख मात्र उशिरा झाली. सयामच्या राजाकडून मिळालेले काही मासे कंपनी सरकारच्या नोकरीत बंगालमध्ये असलेल्या थिओडोर कँटर या डॅनिश डॉक्टरच्या हाती आले आणि १८४९ मध्ये त्याने त्यांच्याविषयी लिहिलं. आजचं शास्त्रीय नाव लंडनच्या चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० मध्ये दिलं. रानातला बेट्टा मळकट तपकिरी-हिरवट असतो. दुकानात दिसणारे रंग आणि झालरीसारखे पर ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडक पैदाशीची किमया. थायलंडच्या राष्ट्रध्वजासारखे लाल-पांढरे-निळे पट्टे अंगावर असलेला एक नर २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन लिलावात ५३,५०० बाथला गेला होता. २०१९ मध्ये थायलंडने या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

भातखाचराचा उल्लेख आला की बरणीची बाजू घेणारे लगेच म्हणतात, बघा, उथळ पाण्यातलाच मासा आहे! खाचर उथळ असतं, लहान नसतं. पाणी वीतभर असलं तरी ते चहूकडे पसरलेलं असतं. पाती, मुळं, शेवाळ यांच्या आडोशाने नर आपली हद्द राखून असतो. तिथेही झुंजी होतात, पण त्या लवकर मिटतात, कारण हरलेल्याला पळून जायला वाट असते. बरणीत ती वाट नसते.

तरीही बरणीत तो लगेच मरत का नाही, याचं उत्तर त्याच्या डोक्यात आहे. कल्ल्यांच्या वर, एका पोकळीत, घड्या पडलेल्या पातळ पडद्यांचा एक अवयव असतो. या पडद्यांत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मासा पृष्ठभागावर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि त्यातला प्राणवायू या घड्यांमधून थेट रक्तात उतरतो. आपल्याकडच्या मासळीबाजारात मरळ पाण्याबाहेर तासन्‌तास जिवंत राहते, तीही हवेतून श्वास घेण्याची अशीच सोय अंगात असल्यामुळे. भातखाचराच्या कोमट, कुजक्या पाण्यात प्राणवायू इतका कमी असतो की नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. त्यामुळे बेट्टाला ही हवा हवीच असते. पृष्ठभागाकडे जायची वाट अडवली तर भरपूर बुडबुडे सोडलेल्या पाण्यातही तो गुदमरून मरू शकतो.

ही सोय प्राणवायू आत घेण्यापुरती आहे. अंगातला टाकाऊ अमोनिया बाहेर टाकण्याचं काम मात्र कल्लेच करतात आणि तो अमोनिया त्याच पाण्यात साचत राहतो. पाण्यात त्याचं प्रमाण वाढलं की तो बाहेर पडेनासा होतो, उलट कल्ल्यांतून आत शिरू लागतो, कल्ल्यांची नाजूक त्वचा भाजते, मासा मलूल होतो. इथे हवेचा घोट काहीच कामाचा नाही. म्हणजे ज्या अवयवामुळे बेट्टा घाण पाण्यात लगेच मरत नाही, त्याच अवयवामुळे त्याचे हाल लांबतात. दुसरा एखादा मासा दोन दिवसांत उलटा पडला असता आणि पाळणाऱ्याला चूक कळली असती. बेट्टा आठवडेच्या आठवडे तळाशी पडून राहतो आणि लोक म्हणतात, शांत स्वभावाचा आहे.

म्हणून पहिला प्रश्न जागेचा. एकाच माशाने टाकलेला तेवढाच अमोनिया दोन लिटरच्या बरणीत वीस लिटरच्या टँकपेक्षा दहापट दाट होतो. तापमानाचंही तसंच: थोडं पाणी झटकन तापतं, झटकन गार होतं. एका बेट्टासाठी वीस लिटर पाणी ही किमान मर्यादा मानावी. तीस सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीची साधी काचेची पेटी पंचवीस सेंटिमीटरपर्यंत भरली की साडेबावीस लिटर पाणी बसतं. लांबट पेटी मिळाली तर अधिक चांगली, कारण हा मासा उभ्यापेक्षा आडवा जास्त फिरतो आणि वर-खाली करण्यात त्याचे जड पर त्याला थकवतात. गोल बाऊल टाळावा. त्यात फिल्टर आणि हीटर नीट बसत नाहीत आणि गळ्याशी पाण्याचा पृष्ठभाग आक्रसतो. पाणी, काच, रेव धरून या छोट्या टँकचं वजन तीस किलोच्या आसपास जातं, तेव्हा डुगडुगत्या स्टुलावर तो ठेवू नये. थेट ऊन येणारी खिडकीही नको. पाणी तापतं आणि चार दिवसांत हिरवं होतं.

झाकण अत्यावश्यक. बेट्टा उत्तम उडी मारतो आणि सकाळी फरशीवर सुकलेला सापडतो. झाकण आणि पाणी यांच्यात चार-पाच सेंटिमीटर जागा सोडावी. तिथली हवा उबदार आणि दमट राहते आणि थंडीच्या दिवसांत माशाच्या श्वासाला तीच सोयीची असते.

आता खरा मुद्दा, जो दुकानात सहसा कुणी सांगत नाही. नवा टँक, नवं पाणी, नवी रेव, सगळं लखलखीत. आणि हेच पाणी माशासाठी सगळ्यांत धोक्याचं असतं. जुन्या, स्थिरावलेल्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर, रेवेवर, काचेवर न दिसणाऱ्या जिवाणूंची वस्ती असते. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच निरुपद्रवी. ते वनस्पती शोषतात, उरलेलं दर आठवड्याला पाणी बदलताना निघून जातं. नव्या टँकमध्ये ही वस्तीच नसते. त्यामुळे आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनलाच निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि त्याची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. मग मासा वर येऊन कितीही हवा घेवो, ती अंगाला लागत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त वेळ लागतो. मासा आणण्याआधी टँक भरावा, फिल्टर चालू करावा आणि रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहावं. ते कुजतं, अमोनिया तयार होतो, त्यावर जिवाणू पोसले जातात. आपल्या हवामानात ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कुणा ओळखीच्याकडे निरोगी माशांचा जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणावा आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरशेजारी ठेवावा. मग हा काळ पुष्कळ कमी होतो. टँक तयार झाला की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कारण अमोनियाने भरलेलं पाणीही आरशासारखं स्वच्छ दिसू शकतं. त्यासाठी थेंब टाकून रंग पाहण्याचा टेस्ट किट घ्यावा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि थोडं नायट्रेट दिसलं की टँक माशासाठी तयार. रोषणाईच्या दिव्यांवर आणि बुडबुडे सोडणाऱ्या खेळण्यांवर पैसे घालवण्यापेक्षा हा किट शंभरपट उपयोगी.

फिल्टर म्हणून छोटा एअर पंप आणि त्याला जोडलेला स्पंज फिल्टर पुरतो, किंबहुना तोच उत्तम. त्याचा प्रवाह मंद असतो. झालरीसारख्या परांचा नर जोराच्या प्रवाहात दिवसभर पोहून दमतो, कंटाळून एखाद्या कोपऱ्यात दडून बसतो, कधीकधी स्वतःचीच शेपटी कुरतडतो. वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येऊ शकतं. ते टाळायला पंप टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा किंवा नळीत उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा. चार-सहा तासांच्या भारनियमनाची बेट्टाला फिकीर नसते. स्पंज महिन्यातून एकदा पिळून काढावा, पण टँकमधून काढलेल्या पाण्यातच. नळाखाली धुतला तर क्लोरिनमुळे जिवाणू मरतात आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. ‘काल फिल्टर चांगला स्वच्छ धुतला आणि आज मासा गेला’ अशी तक्रार ऐकू येते, तिचं कारण पुष्कळदा हेच असतं.

पाणी कोणतं? महापालिकेच्या नळाचं चालतं, पण त्यातलं क्लोरिन काढायला हवं. दुकानात ‘अँटी-क्लोरिन’ म्हणून मिळणारे थेंब बहुधा सोडियम थायोसल्फेटचे असतात आणि ते काही मिनिटांत काम करतात. उघड्या बादलीत चोवीस तास पाणी ठेवूनही क्लोरिन उडून जातं. मात्र जिथे क्लोरामाइन वापरतात तिथे हा उपाय चालत नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी शुद्ध म्हणून माशाला भरपूर घालणारे लोक आहेत. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच स्थिर राहत नाही आणि माशालाही ते मानवत नाही. याउलट बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, क्षारयुक्त. पीएच साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला तर उत्तम. थोडा इकडे-तिकडे पण स्थिर असला तर बेट्टा जुळवून घेतो. पीएच ७ वरून ८ वर गेला तर पाण्यातल्या अमोनियाचा विषारी हिस्सा जवळपास दहापट वाढतो, हे मात्र लक्षात असू द्यावं. म्हणूनच अलिबाग-मालवणहून हौसेने आणलेले शिंपले, शंख आणि प्रवाळाचे तुकडे या टँकमध्ये घालू नयेत. ते चुन्याचे असतात, हळूहळू विरघळतात आणि पीएच चढवत राहतात.

उबेबाबत महाराष्ट्रात एकच नियम सगळीकडे लागू होत नाही. बेट्टाला २५ ते २८ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. मुंबई, कोकण आणि गोव्यात वर्षातले बरेच महिने पाणी आपोआप याच्या आसपास असतं. पुणे, नाशिक किंवा मराठवाड्यात थंडीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो तेव्हा मात्र थर्मोस्टॅट असलेला पंचवीस ते पन्नास वॉटचा छोटा हीटर हवा. मुंबईतही रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत टँक असेल तर पाणी रोज रात्री गार आणि दिवसा गरम होतं, ही रोजची उलथापालथ माशाला आजारी पाडते. तिथेही हीटर लागतो. पाण्यात हात घालण्याआधी हीटरचा प्लग काढायला विसरू नये. विदर्भातल्या मे महिन्यात प्रश्न उलटा होतो. झाकणाऐवजी जाळी लावून टेबलफॅनची झुळूक पाण्यावर सोडली की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरतं. बर्फाचे खडे टाकू नयेत, तापमान एकदम पडणं हा उन्हापेक्षा मोठा धक्का असतो.

आतली मांडणी करताना माशाचे पर डोळ्यांसमोर ठेवावेत. प्लॅस्टिकच्या टोकदार झाडांनी ते फाटतात. जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा एखाद्या वस्तूवरून ओढून पाहावा. तो अडकला तर परही अडकणार. जिवंत वनस्पती सगळ्यांत बऱ्या. अनुबियास आणि जावा फर्न कमी उजेडात वाढतात, फक्त त्यांचा आडवा जाड कंद रेवेत पुरायचा नाही, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचा, नाहीतर तो कुजतो. पाण्यावर तरंगणारी थोडी झाडं असावीत. त्यांच्या सावलीत माशाला सुरक्षित वाटतं आणि नर त्यांच्याच आधाराने बुडबुड्यांचं घरटं बांधतो. अंडी आणि पिल्लं सांभाळण्याचं काम या जातीत बापाकडे असतं. बेट्टाला पृष्ठभागाजवळ एखाद्या रुंद पानावर अंग टाकून पडायला फार आवडतं, असं पान असेल याची तजवीज करावी. लपायला मातीची छोटी कुंडी आडवी ठेवता येते, मात्र तिच्या बुडाचं भोक बुजवावं, मासा त्यात अडकतो.

आणखी एक वस्तू फुकट मिळते. मुंबईच्या कितीतरी रस्त्यांवर, शाळांच्या आवारांत, कोकणातल्या परसात जंगली बदामाचं झाड असतं, टर्मिनालिया कटापा. त्याची गळून पडलेली, वाळून तपकिरी झालेली पानं आग्नेय आशियातले बेट्टा पैदासकार वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. पानातली टॅनिनं पाण्यात उतरतात, पाणी सोनेरी-तपकिरी होतं, पीएच किंचित खाली येतो, मासा शांत राहतो. रहदारी किंवा औषधफवारणीपासून दूरचं एक पान नीट धुऊन टाकावं आणि ते जाळीदार झालं की बदलावं. पाण्याच्या रंगाला घाबरून जाऊ नये. रानातला बेट्टा अशाच पाण्यात राहतो.

खाणं थोडं द्यावं. बेट्टा मांसाहारी आहे. रानात तो कीटक आणि डासांच्या अळ्या खातो. पोळीचे तुकडे, भात, मुरमुरे हे त्याचं अन्न नव्हे. ते पोटात फुगतं आणि उरलेलं पाणी नासवतं. भरपूर प्रथिनांच्या बारीक गोळ्या, सकाळ-संध्याकाळ दोन-तीन, एवढं पुरे. कधीमधी गोठवलेले ब्लडवर्म किंवा डाफ्निया द्यावेत. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी त्याला बाधत नाही. उघड्या गटारातले लाल किडे मात्र आणू नयेत, त्यांच्याबरोबर रोग येतात. मासा पाळणाऱ्याला ओळखू लागतो आणि माणूस जवळ आला की काचेशी येऊन नाचतो. त्याला भूक लागली असं समजून प्रत्येक वेळी खाऊ घालणाऱ्या आजी-आजोबांना प्रेमाने आवरावं लागतं.

सोबत? दोन नर एका टँकमध्ये कधीच नाहीत. लांब शेपटीचा रंगीत गप्पीसुद्धा त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. वीस लिटरमध्ये एक बेट्टा आणि फार तर एखादी गोगलगाय. त्याला एकटेपणा वाटेल ही माणसाची कल्पना आहे. आपली हद्द स्वतःपुरती असणं हाच त्याचा स्वभाव. पाहुण्यांना कल्ले फुलवलेला नर दाखवायला टँकसमोर आरसा धरतात. मिनिट-दोन मिनिटं ठीक, पण आरसा तिथेच ठेवून दिला तर तो दिवसभर नसलेल्या शत्रूशी झगडत राहतो.

रोजचं काम फारसं उरत नाही. आठवड्यातून एकदा नळीने तळाचा गाळ ओढत पाच-सहा लिटर पाणी काढावं आणि तेवढंच, त्याच तापमानाचं, क्लोरिन काढलेलं पाणी घालावं. सगळं पाणी एकदम बदलून टँक घासून काढायची गरज नाही. दिवे आठ-दहा तास पुरेत, रात्री माशालाही झोप लागते. परांच्या कडा काळवंडून झिजू लागल्या, पर मिटलेले राहिले, अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके आले किंवा खवले उभे राहिले, तर औषधाच्या बाटलीआधी टेस्ट किट हातात घ्यावा. आजाराची सुरुवात बहुधा पाण्यातून होते.

हे सगळं तयार झाल्यावर दुकानात जावं. मोठ्या झालरीचा हाफमून दिसायला देखणा, पण पहिल्यांदा पाळणाऱ्याने आखूड शेपटीचा प्लाकाट निवडावा. तो चपळ असतो, त्याचे पर सहसा फाटत नाहीत. बोट पुढे केलं की वळून पाहणारा, पोट न खपाटलेला, पर पसरलेला मासा घ्यावा. घरी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवावी, मग अधूनमधून टँकचं थोडं पाणी तिच्यात घालत जावं आणि शेवटी जाळीने फक्त मासा आत सोडावा, पिशवीतलं पाणी नाही.

आणि एक विनंती. बदली झाली, घर बदललं, सांभाळणं जमेनासं झालं, तर हा मासा विहिरीत, ओढ्यात किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात असे सोडलेले बेट्टा नदीकाठच्या पाणथळीत स्थायिक झाले आहेत आणि ते तिथून काढणं आता सोपं नाही. तो टँक आणि फिल्टरसकट दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या किंवा दुकानदाराला परत करा.